घरी आणलेल्या जीवाचे ऋण

शाळांना सुट्ट्या लागल्या की अनेक घरांत दोन बेत एकाच वेळी आकार घेतात. मुले कुत्र्याचे पिल्लू आणण्यासाठी हट्ट धरतात आणि वडीलधारी माणसे गाडीने दूरच्या प्रवासाला जाण्याचे ठरवतात. पिल्लू येते, त्याला नाव मिळते, पडवीच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी जुनी गोधडी अंथरली जाते. मग आठ-पंधरा दिवसांत कोणाच्या तरी ध्यानात येते की, वसईहून गोव्यापर्यंतचा साधारण ६०० किलोमीटरचा रस्ता गाठायचा आहे, तेव्हा या नव्या जीवाचे काय करायचे? प्रश्न घरगुती आहे आणि बहुधा जेवता जेवताच त्याचा निकाल लागतो. तथापि त्याच्या पोटात नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. ज्याने आपल्याकडे काही मागितले नाही आणि आपल्यासाठी अद्याप काही केलेलेही नाही, अशा मुक्या जीवाचे आपण काय देणे लागतो?

विचारवंतांनी या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या प्रकारे दिली आहेत. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी असे प्रतिपादन केले की, पशूंशी खऱ्या अर्थाने मैत्री होऊ शकत नाही. कारण मैत्रीला विवेकाच्या पातळीवरचे सहजीवन लागते. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी आपल्या नीतिविषयक व्याख्यानांत म्हाताऱ्या कुत्र्याचे उदाहरण घेतले. ज्याने धन्याची इमानाने सेवा केली, त्याला तो निकामी झाला म्हणून धन्याने मारून टाकले, तर त्या धन्याच्या ठायी असलेल्या माणुसकीलाच इजा होते, असे त्यांचे म्हणणे होते. जो जनावराशी निर्दय होतो, तो पुढे माणसांशीही तसाच वागू लागतो. इंग्लंडच्या जेरेमी बेंथम यांनी १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रश्नाची दिशाच बदलली. प्राण्याला बुद्धी वा वाचा आहे की नाही यापेक्षा त्याला वेदना होतात की नाही हे पाहावे, असे त्यांनी सुचवले.

कांट यांच्या उदाहरणापाशी आपण क्षणभर थांबू या. म्हाताऱ्या कुत्र्याने सेवा केलेली असते. त्याच्या बाबतीत कृतज्ञतेचे ऋण सहज पटते. पिल्लाने मात्र काय केलेले असते? फार तर एखादी चप्पल कुरतडलेली असते आणि रात्री घरच्यांची झोपमोड केलेली असते. त्याच्या खात्यावर काहीच जमा नाही. मग त्याचे ऋण आले कोठून?

आम्हांस वाटते, ते आपल्याच कृतीतून आले. साधारण आठ आठवड्यांचे पिल्लू आपण आईच्या कुशीतून उचलून आणतो. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा त्याचे मन घडण्याचा काळ असतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. या काळात ज्यांचा सहवास घडतो, त्यांना ते आपले मानते. म्हणजे आपण त्याला नुसते अन्न देत नाही; आपल्यावाचून त्याचे चालू नये, अशी त्याची स्थितीच आपण करून ठेवतो. आईबापांच्या कर्तव्याचे मूळ सांगताना कांट यांनी म्हटले आहे की, मुलाला त्याच्या संमतीवाचून या जगात आणलेले असते, म्हणून त्याला सुखाने जगता येईल असे करणे हे आईबापांवर बंधनकारक ठरते. प्राण्यांना हा न्याय त्यांनी लावला नाही. पिल्लू म्हणजे काही पोटचे मूल नव्हे, हेही खरेच. परंतु ज्याची संमती विचारता येत नाही, त्याला जो परावलंबी करतो, त्याच्यावर त्याचा भार येतो, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडते.

ही जाणीव आजची नाही. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक प्राचीन दफन सापडले. सुमारे १४ हजार वर्षांपूर्वी एक पुरुष व एक स्त्री यांच्यासोबत तेथे एक कुत्रा पुरलेला होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याच्या दातांवरून असा निष्कर्ष निघाला की, ते साधारण सात महिन्यांचे पिल्लू होते आणि मरणापूर्वी ते डिस्टेंपरसारख्या जीवघेण्या रोगाने वारंवार आजारी पडले असावे. माणसांनी शुश्रूषा केल्यावाचून ते तितके दिवस जगले नसते, असे संशोधकांचे मत आहे. आजारी पिल्लू शिकारीला उपयोगी नसते, राखणीलाही नसते. तरीही शिकारीवर जगणाऱ्या त्या भटक्या माणसांनी त्याची उस्तवार केली.

आता पुन्हा प्रवासाकडे वळू. कुटुंबापुढे साधारणतः तीन वाटा असतात. पहिली, पिल्लाला बरोबर नेण्याची. ती प्रेमाची वाटते. पण तेथेही विवेक हवा. पिल्लाच्या लसी सहाव्या-आठव्या आठवड्यापासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. त्या पुऱ्या होण्याआधी ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत, जेथे भटकी कुत्री वावरतात, तेथे त्याला सोडले तर पार्व्होसारखा रोग जडण्याचा धोका असतो. मोठ्या कुत्र्यांपेक्षा पिल्लांना गाडी अधिक लागते. त्याच्यासाठी दर दोन-तीन तासांनी थांबावे लागते. उन्हात बंद गाडीतील उष्मा अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनी वाढतो. म्हणून महाडला वा चिपळूणला सर्वांनी मिळून निवांत जेवण्याचा विचार सोडावा लागतो. कोणीतरी त्याच्यापाशी सावलीत थांबावे लागते. ज्या घराला हे जमणार नसेल, त्याने केवळ मुलांची हौस म्हणून त्याला नेणे यात प्रेमापेक्षा स्वार्थच अधिक आहे.

दुसरी वाट मागे ठेवण्याची. पिल्लाला ओळखणारा, त्याच्या खाण्यापिण्याच्या वेळा जाणणारा शेजारी आनंदाने तयार असेल, तर ही वाट उत्तम. परंतु पुष्कळ घरांत हा भार गुडघे दुखणाऱ्या आजीवर न विचारता टाकला जातो. एका मुक्या जीवाचे ऋण दुसऱ्या न बोलणाऱ्या जीवाच्या माथी मारणे, याला कर्तव्यपूर्ती म्हणता येत नाही.

तिसरी वाट सांगताना लाज वाटते, पण ती चोखाळली जाते. पिल्लाला बाजारात वा मासळीच्या ओट्यापाशी सोडून दिले जाते आणि मुलांना सांगितले जाते की ते पळून गेले. उपासमार घडेल अशा रीतीने प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला आहे. पहिल्या अपराधासाठी त्यात दंड लिहिला गेला तो १० ते ५० रुपयांचा. एवढ्या रकमेचा कोणाला धाक वाटणार? येथे सद्सद्विवेकबुद्धीवरच भिस्त ठेवावी लागते. आणि मुलांचे काय? आज ना उद्या त्यांना खरे कळतेच. अडचणीचे झाले की आपल्या माणसालाही सोडून देता येते, हा धडा त्यांनी तोवर गिरवलेला असतो.

लांबच्या वाटेवर कुत्रा सोबत असल्याच्या दोन थोर कथा आपल्या परिचयाच्या आहेत. महाभारतात महाप्रस्थानाच्या वेळी एक कुत्रा पांडवांच्या मागे निघतो. द्रौपदी पडते, भाऊ पडतात, शेवटी युधिष्ठिर आणि तो कुत्रा एवढेच उरतात. कुत्र्याला सोडून स्वर्गात यावे असे इंद्र सांगतो, तेव्हा युधिष्ठिर नकार देतो. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे त्याला नंतर कळते. निर्णय घेताना तो त्याच्या लेखी निव्वळ कुत्राच होता. पवित्र शास्त्रातील तोबीतच्या ग्रंथात तरुण तोबिया निनवेहून मेदिया देशाच्या प्रवासाला निघतो. सोबत देवदूत राफाएल असतो आणि घरचा कुत्राही असतो. देवदूत आपले खरे रूप प्रकट करतो. कुत्रा मात्र अखेरपर्यंत कुत्राच राहतो. तो कोणता पराक्रम करीत नाही, त्याचे नावही सांगितलेले नाही. तरी जाताना आणि परतताना त्याची आठवणीने नोंद केलेली आहे. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात तर तो पुढे धावत येऊन शेपटी हलवीत घरच्यांना आनंदाची वर्दी देतो.

येथे एक आक्षेप येईल. माणसे उपाशी असताना कुत्र्यांचे एवढे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने प्राण्यांशी दयेने वागण्याचे कर्तव्य सांगितले आहे. त्याचबरोबर, जो पैसा प्रथम मानवी दुःखाच्या निवारणासाठी वापरला जावा, तो प्राण्यांवर उधळू नये आणि जे प्रेम केवळ माणसांना देय आहे, ते प्राण्यांकडे वळवू नये, असेही बजावले आहे. परदेशी जातीच्या पिल्लासाठी हजारो रुपये मोजताना आणि त्याचा वाढदिवस साजरा करताना हे ध्यानात ठेवलेच पाहिजे. पण आम्ही ज्या ऋणाविषयी बोलत आहोत, त्याला पैसा थोडा लागतो. पाण्याचे भांडे, सावली, वेळेवर टोचलेली लस आणि थांबण्याची तयारी एवढे त्याला पुरते. जे कुटुंब एका पिल्लासाठी वाटेत चार वेळा थांबायला शिकते, त्याला उद्या म्हाताऱ्या आजोबांबरोबर सावकाश चालणे जड जाणार नाही.

म्हणून, वाचकहो, पिल्लू आणण्याचा विचार घरात निघाला की आधी सर्वांनी एकत्र बसावे. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. त्या काळात सुट्ट्या येतील, लग्नकार्ये येतील, आजारपणे येतील, कदाचित बिऱ्हाडही बदलेल. त्या प्रत्येक वेळी त्याच्यापाशी कोण थांबणार, हे मुलांच्या समक्ष बोलून ठेवावे. उत्तर सापडत नसेल तर पिल्लू न आणणे हीदेखील दयाच होय. आणि उत्तर सापडले, तर प्रवासाचा आराखडा आखताना घरातली माणसे मोजावीत, तशी त्याचीही गणना त्यांत करावी.