क्रूझ लागत नसेल तर

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद,

१९९९ची फोर्ड एफ-१५० घेतलीस हे वाचून आनंद झाला. ह्यूस्टनहून सॅन अँटोनियोला जाताना क्रूझ काही केल्या लागत नाही आणि गॅरेजवाला सर्व्हो (क्रूझसाठी थ्रॉटल ओढणारा भाग) बदला म्हणतो, असं लिहिलंयस. पैसे काढायची घाई करू नकोस. क्रूझ कंट्रोल जरा शंका आली की काम सोडून देतं. त्याची रचनाच तशी केलेली असते. म्हणून सुटे भाग बदलत बसण्याआधी त्याला नेमकं कोण अडवतंय ते शोध.

सगळ्यात आधी आगीचं बघ. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरवर दोन वायरींचा एक छोटा स्विच आहे. ब्रेक जोरात दाबला की तो क्रूझचा वीजपुरवठा तोडतो. त्याच्या आतला पातळ पडदा कालांतराने झिजतो, ब्रेक ऑइल विजेच्या बाजूला झिरपतं, आणि त्या स्विचला किल्ली काढल्यावरही करंट असल्यामुळे उभी गाडी पेट घेऊ शकते. २००५च्या सप्टेंबरात फोर्डने यासाठी सुमारे ३८ लाख गाड्या परत बोलावल्या. १९९४ ते २००२च्या एफ-१५० त्यात होत्या. तेव्हा सुटे भाग येईपर्यंत डीलर त्या स्विचचा कनेक्टर नुसता काढून ठेवत. आधीच्या मालकाने गाडी पुन्हा नेलीच नसेल, तर तुझं क्रूझ बिघडलेलं नसून बंद करून ठेवलेलं असेल.

तेव्हा बॉनेट उघड आणि बघ. कनेक्टर लोंबकळत असेल तर तसाच राहू दे. लावलेला असेल तर काढून आत डोकाव. तेलकट ओल दिसली की परत लावू नकोस. दुरुस्ती झालेल्या गाडीत तिथे फ्यूज असलेली जादा वायर दिसते. तो फ्यूज उडालेला असेल तर नुसता फ्यूज घालून मोकळा होऊ नकोस. स्विच बाद झाला असं धरून चाल आणि तोच बदलून घे. फोर्डच्या डीलरला गाडीचा व्हीआयएन क्रमांक सांगितलास की हे काम झालंय की नाही ते कळेल.

इथे सगळं ठीक निघालं, तर पुढच्या गोष्टी घरच्या घरी तपासता येतील. क्रूझचा फ्यूज बघ. मग कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाब. सगळे दिवे लागतात ना? क्रूझचं मॉड्यूल ब्रेकच्या बल्बांच्या फिलामेंटमधूनच सर्किट पुरं असल्याची खात्री करतं. आधीच्या मालकाने हौसेने एलईडी बसवले असतील तर दिवे झकास लागतील, पण क्रूझ रुसेल. साधे बल्ब लावून बघ; खर्च अगदी किरकोळ.

पुढे हॉर्न वाजव. हॉर्न मुका आणि एअरबॅगचा दिवा पेटलेला असेल, तर स्टिअरिंगमधला क्लॉकस्प्रिंग तुटल्याचा संशय घे. ते काम मात्र स्वतः करू नकोस, एअरबॅगशी खेळ नको. स्पीडोमीटरचा काटा थरथरत असेल तर वेगाचा सेन्सर किंवा त्याची वायर तपासून घे. ताशी ३० मैलांच्या खाली क्रूझ लागतच नाही, हेही लक्षात ठेव. शेवटी इंजिनापाशी थ्रॉटलला येणाऱ्या दोन केबल बघ: एक पेडलची, दुसरी सर्व्होची. दुसरी निसटली किंवा गंजली असेल तर बटणं दाबून काही उपयोग नाही. एवढं सगळं तपासून झालं, की मगच सर्व्होवर बोट ठेवायचं.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. मास्टर सिलिंडरवरच्या स्विचच्या जागी वायरचा तुकडा जोडून क्रूझ चालू करून द्यायला कुणीतरी पुढे येईल. तसं अजिबात करू देऊ नकोस. पेडलजवळचा ब्रेकलाइटचा स्विच एखाद्या दिवशी दगा देईल, तेव्हा क्रूझ तोडायला हाच दुसरा स्विच असतो. तो निकामी करून ताशी सत्तर मैलांनी जायचं, तर त्यापेक्षा पायाने गाडी चालवणं बरं.

आधी डीलरला फोन कर, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजात लावू नकोस. उघड्यावर, भिंतीपासून लांब ठेव. काय निघालं ते मला कळव. सूनबाईंना आणि छोटीला आशीर्वाद.

तुझा,
काका