साक्ष

कृष्णेला पाणी चढू लागले की सांगलीत एकच प्रश्न तोंडोतोंडी फिरतो: "पुलाला किती फूट?" पूल म्हणजे १९२९ सालचा आयर्विन पूल, आणि फूट म्हणजे तिथल्या मोजपट्टीच्या ज्या आकड्याला पाणी टेकले असेल तो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका; २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ च्याही वर गेले होते. त्या दिवसांत कोयनेतून इतके सोडले, अलमट्टीची दारे मिटली, अमुक कॉलनीत शिरले, असे निरोप मिनिटामिनिटाला येऊन आदळत होते, आणि त्यांतला खरा कोणता, खोटा कोणता हे घरात बसून ठरवणे कुणाच्याच आवाक्यातले नव्हते, म्हणून जाणती माणसे निरोप कानाआड करून समोरच्याला एवढेच विचारीत, "तू स्वतः पाहून आलास का?" या प्रश्नाच्या पोटात जो शब्द आहे, त्याच्याभोवती मी बरीच वर्षे प्रदक्षिणा घालतो आहे. तो शब्द म्हणजे साक्ष.

वाचकहो, पाणिनीने साक्षी हा शब्द साक्षात् या शब्दापासून साधला आणि त्याला अर्थ दिला तो प्रत्यक्ष पाहणारा असा. ज्याच्या कानावर आले तो साक्षी नव्हे, ज्याची मनोमन खात्री आहे तोही नव्हे. ज्याच्या डोळ्यांदेखत घडले तोच साक्षी. लग्नात अग्नीची साक्ष काढतात ती अग्नी सत्यवचनी आहे म्हणून नव्हे, तर सप्तपदी चालू असताना तो तिथे प्रज्वलित होता म्हणून. मुंडकोपनिषदातल्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो आणि दुसरा नुसता पाहतो. त्या दुसऱ्याचे मोठेपण काही करण्यात नाही, उपस्थित असण्यात आहे. साक्षीचे पहिले अंग हे: ती आधी असण्याची गोष्ट आहे, बोलण्याची नंतर.

हा अर्थ माझ्या अंगात खरा भिनला तो कुठे, हे सांगितले तर तुम्हाला गंमत वाटेल. सांगलीतल्या एका कार्यालयात, जिन्याखालच्या कपाटात, चोवीस केबलींचा झुबका अंगावर घेऊन लुकलुकणाऱ्या एका स्विचसमोर, म्हणजे कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रासमोर. एका सोमवारी सकाळी तिथले निम्मे संगणक चालेनात. म्हणजे चालू होत होते, पण त्यांना सर्व्हर दिसेना, छपाई होईना. पाहिले तर कार्यालयाचे पत्ते १० ने सुरू होणारे, आणि या संगणकांना मिळालेले पत्ते १९२.१६८ ने सुरू होणारे, म्हणजे घरगुती वायफायच्या डब्याचे. दुपारपर्यंत केबली चाचपल्यावर सतराव्या पोर्टच्या टोकाला, फायलींच्या कपाटामागे, तो डबा सापडला. कोपऱ्यात मोबाइलला रेंज येत नाही म्हणून कुणीतरी सद्भावनेने घरचा डबा आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडला होता, आणि तो, बिचारा, आपल्या स्वभावानुसार मागेल त्याला पत्ते वाटत सुटला होता.

संगणक सुरू होताच जाळ्यात हाक देतो, मला पत्ता कोण देईल? पत्ते वाटणारा सर्व्हर म्हणतो, हा घे. संगणक म्हणतो, हाच घेतो. सर्व्हर म्हणतो, तुझ्या नावे लिहिला. या चार वाक्यांच्या व्यवहाराला डीएचसीपी म्हणतात. त्यात संगणक उत्तर देणाऱ्याला, तू कोण, असे विचारीत नाही. ज्याचे उत्तर आधी पोचले त्याचे बहुधा चालते. याहून भोळा एआरपी. 'अमुक आयपी पत्ता कुणाचा?' अशी आरोळी गेली की ज्याचा असेल त्याने 'माझा' म्हणायचे आणि सोबत आपला ४८ बिटांचा हार्डवेअर पत्ता कळवायचा, असा हा नियम १९८२ च्या नोव्हेंबरात लिहिला गेला, तेव्हा जाळी लहान होती आणि जाळ्यावरचे सगळे एकमेकांचे सहकारी होते. 'माझा' म्हणणाऱ्याकडे पुरावा मागावा असे त्या काळी कुणाला वाटले नाही, आणि न विचारताही कुणी 'माझा' म्हटले तरी बाकीचे ते मुकाट्याने टिपून घेत. मग एखाद्या यंत्राने बाहेर जाण्याच्या वाटेचा, म्हणजे गेटवेचा, पत्ता 'माझा' म्हणून सांगितला, की शेजारच्या प्रत्येक संगणकाची बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट आधी त्याच्या हातून जाते. ती कुलूपबंद नसेल तर तो वाचतो, हवे तर बदलतो, आणि पुढे ढकलतो. ज्याच्या पत्त्याचा प्रश्न आहे त्यालाच साक्षीदार करायचे, अशी ही रीत. आमच्याकडे चावडीवर असा निवाडा कुणी ऐकून घेतला नसता.

स्वतःचे नाव सांगणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न साताऱ्याने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. औरंगजेब १७०७ मध्ये गेला आणि लहानपणापासून मोगलांच्या कैदेत असलेले संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज सुटून दक्षिणेकडे निघाले, तेव्हा गादीवर आपला मुलगा असलेल्या त्यांच्या काकू ताराबाईंनी जाहीर केले की हा शाहू नव्हे, तोतया आहे. सतरा-अठरा वर्षे कुणी पाहिलेले नाही असा माणूस आपले नाव सांगतो आहे. त्याच्या बाजूने बोलणारे तो स्वतः, विरुद्ध बोलणाऱ्या ताराबाई, आणि दोघांचेही हितसंबंध उघड. अशा वेळी ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव यांनी काय केले? खंडो बल्लाळ चिटणिसांना, म्हणजे संभाजी महाराजांच्या वेळेपासून दरबारात वावरलेल्या माणसाला, प्रत्यक्ष पाहून येण्यास धाडले, असे सांगतात. त्यांनी पाहिले, खातरजमा केली. खेडच्या लढाईत धनाजी शाहूंकडे आले, आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषेक झाला. निवाडा दाव्यावर झाला नाही, नातेवाइकाच्या शब्दावरही नाही. पाहिलेल्या माणसाच्या साक्षीवर झाला.

स्विचला जे शिकवावे लागते ते नेमके हेच. तो सगळ्यांच्या मधोमध बसलेला असतो, प्रत्येक केबल त्याच्या एका पोर्टात येते, आणि कुणाच्याही भाऊबंदकीत त्याला रस नसतो. तटस्थ साक्षीदाराला लागणारी सगळी लक्षणे त्याच्या ठायी आहेत, फक्त पाहिलेले लक्षात ठेवायला त्याला सांगावे लागते. त्या सुविधेला डीएचसीपी स्नूपिंग म्हणतात. स्नूपिंग म्हणजे चोरून डोकावणे. मला हा शब्द कधीच आवडला नाही, कारण इथे चोरी नाही, राजरोस साक्षीला बसणे आहे. ज्या पोर्टापलीकडे खरा सर्व्हर आहे तेवढा एकच पोर्ट विश्वासाचा म्हणून आपण सांगून ठेवतो. बाकीच्या तेवीसपैकी कुठूनही 'हा घे पत्ता' असे उत्तर आले की स्विच ते तिथेच टाकून देतो. आमचा कपाटामागचा डबा त्यानंतरही जोडलेलाच राहिला असता तरी त्याचा आवाज सतराव्या पोर्टापुढे गेला नसता. आणि खऱ्या सर्व्हरने खऱ्या मागणाऱ्याला पत्ता दिला की स्विच आपल्या वहीत एक ओळ लिहितो: हा हार्डवेअर पत्ता, हा आयपी पत्ता, इतक्या सेकंदांची मुदत, हा विभाग, हा पोर्ट. मी ती वही पहिल्यांदा पडद्यावर पाहिली तेव्हा मला जुन्या महजराची, म्हणजे गावच्या निवाडापत्राची, खालची बाजू आठवली, जिथे पाटलाच्या नावापाशी नांगराची निशाणी असते. कोण, कुठला, कोणाच्या समक्ष, एवढेच, आणि तेवढे पुरते.

पुढचे काम मग या वहीवर चालते. कुणी एआरपीत 'माझा' म्हटले की स्विच ओळ पाहतो: हा आयपी पत्ता, या हार्डवेअर पत्त्याला, या पोर्टावर, माझ्यासमोर दिला गेला होता का? नसेल तर ते 'माझा' पुढे जातच नाही. तीच कसोटी साध्या वाहतुकीलाही लावता येते, म्हणजे दुसऱ्याच्या पत्त्यावरून पाकीट धाडणाऱ्याचे पाकीट पहिल्याच उंबऱ्यावर अडते. बोलणारा खरा की खोटा हे स्विचला कळत नाही, कळण्याची गरजही नाही. त्याला फक्त आपण काय पाहिले ते आठवावे लागते. साक्षीचे दुसरे अंग हे, आणि मला यातच तिचे खरे सामर्थ्य दिसते: साक्षीदाराला अंतर्यामी असावे लागत नाही.

साक्षीदाराच्या जागी हितसंबंधी माणूस बसला तर काय होते, हेही साताऱ्याच्याच किल्ल्याने पाहिले. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात गेले, आणि माझा नातू म्हणून ताराबाईंनी ज्यांची ग्वाही दिली ते रामराजे पुढच्या जानेवारीत गादीवर आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्याशी बिनसले तशी ताराबाईंनी त्यांना किल्ल्यावर कैद केले, मग ते आपले नातू नव्हेतच असे म्हणायला सुरुवात केली, आणि १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढे तशी शपथ घेतली. दोन्ही वेळा ग्वाही देणाऱ्या त्याच. आपल्या काळातले उदाहरण हवे तर २०१८ च्या ऑगस्टातले पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे घ्या. तिथला 'स्विच' वेगळ्या जातीचा, एटीएमच्या मागण्या बँकेपर्यंत नेणारा. पण चोरट्यांनी त्याच्या जागी बनावट स्विच उभा करून बँकेच्या नावाने होकार द्यायला लावले, आणि एकूण गेलेल्या सुमारे ९४ कोटी रुपयांपैकी बहुतेक रक्कम अशीच गेली. तेवढा घात त्या एका होकारात होता.

साक्षीला मर्यादाही आहेत. प्रिंटरला आपण हाताने कायमचा पत्ता लिहून देतो. त्याने तो कधी मागितलाच नाही, म्हणून स्विचने दिलेला पाहिला नाही, म्हणून पहारा चालू केल्याच्या दिवशी पहिला बळी हमखास प्रिंटरचा जातो. त्याची ओळ वहीत आपल्यालाच भरावी लागते. दुसरी मर्यादा स्मरणाची. वही स्विचच्या चालू स्मृतीत असते. ती बाहेर कुठे उतरवून ठेवली नसेल तर वीज जाताच कोरी.

आमची वही उतरवून ठेवायची राहून गेली होती. पावसाळ्यात एकदा वीज गेली, आली, स्विच नव्याने उठला, आणि त्याला थेट जोडलेले संगणक केबल मेल्याचे कळल्यामुळे आपोआप पुन्हा पत्ता मागून मोकळे झाले. लेखा विभागातले पाच मात्र टेबलाखालच्या एका छोट्या डब्यातून जोडलेले आणि इन्व्हर्टरवर होते. त्यांच्या लेखी काही घडलेच नव्हते. पत्ता तोच, मुदत शिल्लक, आणि तरी स्विच त्यांचे एक अक्षर पुढे जाऊ देईना. तिथल्या एक बाई कंटाळून म्हणाल्या, "अहो, कालपर्यंत ओळखत होता ना हा आम्हाला?" मी टेबलाखाली वाकलो, पाचही केबली एकेक करून उपसल्या, पाच मोजेपर्यंत थांबलो आणि परत खोचल्या. पाचही संगणकांनी आपला तोच जुना पत्ता पुन्हा एकदा, स्विचच्या डोळ्यांदेखत, मागून घेतला.