निर्मात्यामागे उरलेली वस्तू

घडवणारा नाहीसा झाल्यावर वस्तू पूर्ण राहते का? न्यायदर्शनात कुंभार हे घटाचे निमित्तकारण आणि कपाले म्हणजे घटाचे अवयव हे समवायी कारण मानतात. कुंभार गेला म्हणून घट नाश पावत नाही. अवयव किंवा त्यांचा संयोग तुटला तरच पावतो.

मिनोल्टाच्या एसएलआर कॅमेऱ्यांना हा विचार चपखल लागू पडतो. काझुओ ताशिमा यांनी १९२८ साली जपानमध्ये स्थापलेली ही कंपनी २००३ मध्ये कोनिकात विलीन झाली, आणि २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा व्यवसायच थांबला. तरीही १९६६ च्या एसआरटी-१०१ चे यांत्रिक शटर आजही बॅटरीशिवाय चालते; बॅटरी लागते ती फक्त प्रकाशमापकाला. निर्मात्यापासून इतकी स्वतंत्र वस्तू खरोखर आदरास पात्र आहे.

डिजिटल कॅमेऱ्याची गोष्ट अवघड. याच विलीन कंपनीच्या २००४ च्या ७डी या डिजिटल कॅमेऱ्यात हाताची थरथर सावरण्यासाठी सेन्सरच हलतो. मिनोल्टाची १९८५ पासूनची ए-माउंट जोडणीची लेन्स त्यावर बसवली की तिलाही ही सोय मिळते, जी ती घडली तेव्हा नव्हती. म्हणजे वस्तूचे सामर्थ्य निर्मितीच्या क्षणी संपूर्ण ठरत नाही. पण त्या कॅमेऱ्यातला इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला, तर तो दुसऱ्या जुन्या कॅमेऱ्यातून काढावा लागतो. न्यायाशी जोडलेल्या वैशेषिक दर्शनाच्या काटेकोर मते अवयव बदलला की अवयवीही नवा. वापरणारा मात्र त्याला तोच कॅमेरा म्हणतो, आणि या व्यवहाराला आधार आहे: रचना व कार्य दोन्ही अखंड राहिलेली असतात.