बिनपिंजऱ्याचे पाळणे

मराठीत आपण कुत्रे पाळतो, गाय पाळतो, आणि दिलेला शब्दही पाळतो. एकच क्रियापद ह्या दोन्ही गोष्टींना पुरावे, ह्यात भाषेचे काही शहाणपण असावे असे आम्हांस वाटते. ज्या प्राण्याला आपण घरात घेतो त्याला न बोलता काही वचन दिलेले असते. ते पाळले तरच प्राणी पाळला असे म्हणावे. ह्या विधानाची परीक्षा एका क्षुद्र जीवावर करून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो जीव म्हणजे प्रार्थना कीटक, किंवा आपल्याकडे ज्याला खंडोबाचा किडा म्हणतात तो.

दिल्लीच्या सरकारी वसाहतींत पावसाळा सरत आला की हा पाहुणा कधीमधी सज्जातील कुंड्यांवर दिसतो. पानासारखा हिरवा रंग, त्रिकोणी डोके, पुढचे पाय जोडलेले. युरोप-अमेरिकेत त्याला हौसेने पाळणारे लोक आहेत. त्यांतील काही जण त्याला काचेच्या पेटीत न कोंडता घरातील झाडांवर मोकळा सोडतात. आमच्याही बिऱ्हाडात मनीप्लांटवर व कढीलिंबाच्या कुंडीवर असे पाहुणे राहून गेले आहेत. कोंडण्यापेक्षा मोकळे ठेवणे बरे, हे प्रथमदर्शनी कोणालाही पटेल. शिवाय हा कीटक त्या सोयीसाठीच घडला असावा असे दिसते. तो दबा धरून शिकार करणारा आहे; भक्ष्य मिळत राहिले तर एकाच फांदीवर दिवस काढतो. पानांवर शिंपडलेल्या पाण्याचे थेंब पितो. झाडाचे एक पानही खात नाही.

तथापि येथेच विचार करावयास हवा. पेटीच्या भिंती कीटकाला आत ठेवतात, त्याचप्रमाणे घराला त्याच्यापासून दूरही ठेवतात. त्या काढल्या की छताचा पंखा, भिंतीवरची पाल, मोलकरणीचा झाडू, ही सर्व त्याच्या जगात येतात. डास पळविण्याच्या यंत्रांत पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये असतात. ती डास आणि पाहुणा असा भेद करीत नाहीत. कात टाकताना हा कीटक उलटा लोंबकळतो. त्या घटकेला धक्का लागून तो पडला तर पाय कायमचे वाकडे होतात किंवा जीवच जातो. म्हणजे मोकळीक दिल्याचे समाधान आम्हांला आणि तिची जोखीम त्याला, अशी ही वाटणी होते. पिंजरा आपल्या वतीने जे वचन पाळत होता, ते आता आपण स्वतः, रोज, पंख्याचे बटण दाबण्यापूर्वी पाळावयाचे असते.

दुसरा प्रश्न अन्नाचा. त्याला जिवंत, हलणारे भक्ष्य लागते. बागेत तो माशी मारतो तेव्हा कोणी दोषी नसतो. बंद खोलीत माश्या पुरत नाहीत, त्या आणून द्याव्या लागतात. आणि आणून देणारा त्या वधात भागीदार होतो. चांदणी चौकात लाल किल्ल्यासमोर जैन मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. घार-ससाण्यांसारख्या मांसाहारी पक्ष्यांवर उपचार करावे, परंतु त्यांना आत ठेवून घेऊ नये, ही तेथील प्रसिद्ध रीत. कित्येकांना ती कठोर वाटते. आम्हांस तिच्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. ज्याला आश्रय द्यावयाचा त्याचे पोटही आपल्या अंगावर घ्यावे लागते, हे तिने ओळखले आहे. जोडलेले पाय पाहून लिनियसने 1758 मध्ये युरोपातील जातीला धार्मिक अशा अर्थाचे नाव दिले. वस्तुतः ते पाय म्हणजे काटेरी सापळा होय. कीटकाने प्रार्थनेचा दावा कधी केला नाही. दोष असेल तर आपल्या उपमेचा. त्याला पाळावयाचे तर तो आहे तसा पाळावा, नाहीतर पाळू नये.

कोणी म्हणेल, एवढ्याशा किड्याला वचन कसले? त्याला वेदना तरी होते काय? शास्त्राने त्याच्याविषयी काही विलक्षण गोष्टी दाखविल्या आहेत. दोन डोळ्यांच्या मेळाने तो अंतर जोखतो, हे 1983 मध्ये सिद्ध झाले. त्याच्या छातीखाली एकच कान असून वटवाघळाचा कर्णातीत आवाज तो त्याने टिपतो, हे 1986 मध्ये प्रसिद्ध झाले. ह्यावरून वेदनेचा निकाल लागत नाही, हे मान्य. परंतु निकाल लागेपर्यंत कर्तव्य तहकूब ठेवणे हा निव्वळ कचेरीतला न्याय झाला. फाइल वरून येईपर्यंत कार्यवाही नाही, हे आपण मेजावर म्हणतो. घरात तरी म्हणू नये.

मग मोकळीक खरी कोणती? आपण सारे बदलीवरचे लोक वाटप झालेल्या घरात राहतो. भिंती सरकारच्या, रंग सरकारचा, मुक्काम हुकमापुरता. तरीही त्या घरात आपल्याला कोंडल्यासारखे होत नाही, कारण दाराची कडी आतून काढता येते. कीटकाच्या बाबतीत ती कडी म्हणजे खिडकी. तो आपल्याच सज्जातून आला असेल आणि खिडकीची जाळी दिवसाकाठी काही वेळ उघडी राहत असेल, तर त्याचे राहणे हे राहणे आहे. जाळी कायम बंद असेल, किंवा तो परदेशी जातीचा असल्याने बाहेर सोडणेच अनुचित असेल, तर तो बंदिवान आहे. खोली पेटीपेक्षा मोठी, एवढाच फरक. अशा वेळी पंखा-पालींपासून सुरक्षित, ओलावा राखलेली चांगली पेटी अधिक सचोटीची, असे आमचे मत आहे. मोकळेपणाचे नाव देऊन धोका देऊ नये.

हे वचन फार लांबचेही नाही. त्याचे आयुष्य वर्षभराच्या आतबाहेरचे असते. मादी फांदीवर फेसाची गाठ घालते, तो फेस वाळून कठीण होतो, आणि त्यातून पुढे डझनांवारी पिले निघतात. भुकेली राहिली तर ती एकमेकांनाच खातात. एवढ्या जिवांचे पोट अंगावर घेणे कोणाही गृहस्थाला झेपणारे नाही. तेव्हा अशी गाठ दिसली की ती कुंडी उचलून सज्जात, शक्य तर खालच्या बागेतील कुंपणाजवळ ठेवावी.