उपकाराचा पंचनामा

छायाचित्र म्हणजे पंचनामाच, हे नानांचे मत जुने आहे. न्यायालयाच्या दप्तरात शिरस्तेदारी करण्यात ज्यांचे अर्धे आयुष्य गेले, त्यांना जगातील यच्चयावत् वस्तू मुद्देमालाच्या रूपाने दिसाव्यात, यात आश्चर्य ते कोणते! परंतु गळ्यात रोलीफ्लेक्स अडकवून पुण्याच्या मंडईत सकाळ घालविणाऱ्या त्यांच्या भाच्याने जी हकीकत त्यांच्यापुढे मांडली, तिने हे मतच पेचात टाकले.

एका वृद्ध गृहस्थाने भाजीची जुडी घेतली, खिशातली नाणी दोनदा मोजली, आणि ती पुरत नाहीत हे ध्यानी येताच तो जुडी परत ठेवू लागला. "ऱ्हाऊ द्या की बाबा," भाजीवाली म्हणाली, "परवाचे तुमचे सुट्टे माझ्याकडंच राहिलेत, ते यात धरले." वृद्ध निघून गेल्यावर शेजारच्या गाळ्यावरून प्रश्न आला, की परवा तर तू गावाला गेली होतीस ना? ती नुसती हसली.

"आणि तू कळ दाबलीस," नाना म्हणाले.

"दाबली. या कॅमेऱ्यात मान खाली घालून पाहावे लागते. काचेवर डावे-उजवे उलटे दिसते, पण माणसे बुजत नाहीत. दोघांनाही पत्ता लागला नाही. आता ते प्रदर्शनात मांडावे की नाही, एवढेच विचारायचे आहे."

"साक्षीदाराला न्यायालय समन्स काढून बोलावते. तुला कोणी बोलावले होते?"

"कोणीच नाही. पण नाना, तुमच्या दप्तरांत खून, दरोडे आणि भाऊबंदकीचे दावे यांची बाडेच्या बाडे साठली आहेत. उद्या केवळ तेवढे वाचून कोणी आमच्या काळाची परीक्षा करू लागला, तर एका भाजीवालीने कोणाची लाज राखली होती, याचा दाखला त्याला कुठे मिळणार? 1886 मध्ये ही मंडई रे मार्केट या नावाने उघडली, हे कागदोपत्री आहे. त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली तेव्हापासून असे जे जे घडले, ते कुठे आहे?"

मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला. नानांनी मात्र चष्मा पुसून ते चित्र जवळ ओढले.

"यात काय आहे? बाई जुडी देते आहे, म्हातारा घेतो आहे; हा तर निखळ व्यवहार. दया होती ती त्या खोट्या बोलण्यात, आणि आवाज काही तुझ्या फिल्मवर उमटत नाही. ती दाखवायची तर खाली ओळ लिहावी लागेल. आणि ओळ लिहिलीस, की बाईने जे झाकले ते तू चव्हाट्यावर मांडलेस."

"म्हणजे कसूर चित्राची नव्हे, ओळीची," भाचा म्हणाला, आणि त्याने डोरोथिया लँगचे उदाहरण काढले. 1936 मध्ये कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तिने एका मातेचे चित्र घेतले, ते वृत्तपत्रात छापून येताच त्या उपाशी तळावर सरकारी अन्नसामग्री पोहोचली. मोटारीचे टायर विकून त्या कुटुंबाने अन्न घेतले होते, असे लँगने 1960 मध्ये लिहिले. कुटुंबीयांनी मागाहून ते साफ नाकारले. चेहरा खरा होता, मजकूर तेवढा चुकला. 1978 मध्ये ती माता वृत्तपत्रांतून उजेडात आली, तेव्हा हे चित्र काढलेच नसते तर बरे, असे तिचे म्हणणे होते.

"अन्न पोहोचले तेव्हा ती तळावर होती?"

"नाही. पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती."

"म्हणजे पुण्य इतरांच्या पदरी पडले आणि चेहरा तिचा खर्ची पडला."

"बरे, मी परवानगी घेतो."

"कोणाची? वृद्धाला विचारायचे, तर सुट्टे राहिलेच नव्हते हे सांगावे लागेल. बाईला विचारायचे, तर तिच्याकडून खोटेपणाची जबानी घ्यावी लागेल. इथे परवानगी मागणे हीच आगळीक."

गीतेच्या 17 व्या अध्यायातील दानाची त्रिविध वर्गवारी मुख्यतः देणाऱ्याच्या वृत्तीवरून ठरते. आपण काही घेतले हे घेणाऱ्याला कळूच नये, यासाठी जी असत्य बोलते, तिला कोणत्या सदरात घालावे, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो आहे.

"वृद्धाला ते ठाऊकही असेल," भाचा हळूच म्हणाला.

"असेल. मग ती इभ्रत दोघांनी मिळून राखली, आणि तुझा अपराध दुप्पट झाला."

"ओळ लिहीत नाही. खाली 'मंडई, सकाळ' एवढेच."

"मग साक्ष झाली कोणापुढे? आणि मला तरी कशाला सांगितलेस?"

"सांगितल्यावाचून राहवले नाही."

"त्या बाईला राहवले."

हे संभाषण छापावयास देताना भाजीचे नाव मी गाळले आहे, आणि 'परवा' म्हणून जो दिवस वर आला आहे, तोही बदललेला आहे. एवढ्याने माझी सुटका होत नाही, असे नानांचे म्हणणे आहे.