घडीभराचे बरेपण

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने १८१७ साली ज्या व्याधीवर आपला छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला आणि आयुर्वेदाने जिला कंपवात म्हटले, तिचे हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी सर्रास ऐकू येणारे निदान म्हणजे 'वय झाले' हे होय. हात थरथरला, वय झाले. चाल मंदावली, वय झाले. चेहरा निर्विकार झाला, तर आजोबा रुसले. या अज्ञानाहूनही मला अधिक क्लेशकारक वाटतो तो रोग्यावर घेतला जाणारा संशय.

मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण होत जातात, आणि ती उणीव लेव्होडोपाच्या गोळीने काही तासांपुरती भरून निघते. परंतु रोग जुना झाला, की एका गोळीचा अंमल पुढच्या गोळीपर्यंत टिकत नाही. त्यामुळे सकाळी बाजारात जाऊन आलेला माणूस दुपारी स्वतःच्याच घराच्या उंबरठ्यावर खिळून उभा राहतो, आणि घरचे म्हणतात, 'सकाळी तर चांगले फिरत होते, आता सोंग करायलेत.' सुनेने पायापुढे काठी आडवी धरावी आणि म्हाताऱ्याने ती सहज ओलांडून आत यावे, म्हणजे तर संशयाची खात्रीच पटते! वास्तविक हे त्या व्याधीचेच लक्षण आहे: अंगवळणी पडलेली चाल आपोआप उमटेनाशी होते, पण डोळ्यांपुढे आडवी खूण आली की पाऊल उचलते. तीच सून मायेने गोळी दुधाबरोबर देते, आणि दुधातील प्रथिने औषधाच्या शोषणाला आडवी येतात, हे तिला कोणी सांगितलेले नसते. (खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असते हे खरे, पण म्हणून डॉक्टरांची गोळी परस्पर बंद करून चूर्णावर विसंबणे हा शुद्ध अविचार.)

घराचा हा संशय सरकारी दफ्तरातही निराळ्या रूपाने भेटतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पार्किन्सनचा समावेश दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत केला, ही मोठीच गोष्ट झाली. मात्र बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. त्यासाठी नांदेड गाठायचे, तर आदिलाबादकडून येणाऱ्या गाडीत चढता यावे म्हणून घरच्यांनी गोळी नेमकी वेळेवर दिलेली असते, आणि तपासणीच्या टेबलापुढे रोगी आपल्या दिवसातील सर्वोत्तम घटकेत जाऊन उभा राहतो. तपासणाऱ्याचा दोष नाही. त्याला जे दिसते ते खरेच असते, फक्त ते दिवसाच्या एका घटकेचे असते.

उरलेल्या घटकांची हकीकत ठाऊक असते ती शुश्रूषा करणाऱ्या पत्नीला किंवा सुनेला, आणि तिला मात्र कोणी विचारत नाही. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रोगी, ज्यांना तेथे शुभार्थी म्हणतात, आणि त्यांची शुश्रूषा करणारे शुभंकर एकत्र बसतात. तालुक्याच्या गावी अशी बैठक महिन्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात भरवायला फार खर्च येणार नाही. तिथे निदान इतके तरी शिकवता येईल, की गोळी केव्हा दिली, अंमल केव्हा ओसरला, पाय केव्हा अडला, हे शाळकरी वहीत रोजच्या रोज टिपून ठेवावे. जमिनीच्या वादात आपली महसुली व्यवस्था पंचांच्या जबानीला किंमत देते, कागदावर अंगठा उमटवून घेते. मग रात्री चार वेळा उठून नवऱ्याची कूस बदलणाऱ्या बाईची वही दाखल्याच्या फायलीला जोडून घ्यायला काय हरकत आहे?