एकटीचे पान

परदेशी शिकावयास गेलेल्या आपल्याकडील मुलामुलींचा पहिला बंदोबस्त असतो तो जेवणाचा. चौघांनी मिळून एक बिऱ्हाड करावे, पाळीपाळीने कुकर लावावा आणि घरून आणलेला गोडा मसाला पुरवून पुरवून वापरावा. या व्यवस्थेत काटकसर आहे, आपुलकी आहे, आणि तिला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु पॅरिसमध्ये विद्यार्थिनी असताना एकटीने भोजनगृहांतून हिंडण्याचा जो परिपाठ मी ठेवला, त्याने मला विद्यापीठाइतकेच शिकविले. कारण मनुष्याला अन्नापुढे बसण्याचा अधिकार कशामुळे प्राप्त होतो, हा प्रश्न मला प्रथम तेथे पडला.

आपल्या संस्कारांत जेवण म्हणजे पंगत, आणि पंगतीतल्या आग्रहाचे आपण कौतुक करतो तेव्हा पान मांडण्यापूर्वीच कूळ, जात आणि नाते यांची चौकशी उरकलेली असते, हे विसरतो. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्येही परगावच्या माणसाला खानावळवाल्याच्या सामाईक मेजावर, मुकरर वेळी, पुढे येईल ते खावे लागे, आणि चांगले तुकडे नित्याच्या गिऱ्हाइकांनी आधीच उचललेले असत. १७६० नंतरच्या काही दशकांत तेथे जी नवी भोजनगृहे निघाली, त्यांनी स्वतंत्र मेज दिले व पदार्थांची यादी किमतींसह समोर ठेवली. त्यामुळे ज्याची शहरात कोणाशी ओळख नाही असा माणूसही आपल्या भुकेचा आणि खिशाचा मुखत्यार झाला. दर्शनी भागी दरपत्रक लावण्याचे बंधन तेथे आजही कायद्याने आहे. रस्त्यावर उभे राहून ते वाचावे, मनाशी हिशेब करावा, न परवडल्यास पुढे चालू लागावे. कोणाचा मुलाहिजा राखण्याचे कारण नाही. पाव आणि साधे पाणी यांचा वेगळा आकार नसतो, ही गोष्ट महिनाअखेरीस फार मोलाची वाटे.

माझे मन विशेष जडले ते ‘बुइयाँ’ म्हणविणाऱ्या भोजनगृहांवर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास द्यूव्हाल नावाच्या खाटकाने बाजारातील कष्टकऱ्यांना मांसाचा रस्सा व उकडलेले मांस स्वस्तात देण्याची तजवीज केली, आणि तिचे अनुकरण शहरभर झाले. फोबूर मोंमार्त्र रस्त्यावरील, १८९६ मध्ये निघालेले शार्तिए हे त्याच परंपरेतले. उंच छत, मोठमोठे आरसे, टोप्या ठेवण्याच्या पितळी फळ्या, आणि क्रमांक घातलेले ते लहान लहान खण, ज्यांत नित्याची गिऱ्हाइके पूर्वी आपापले हातरुमाल ठेवीत. वाढपी मेजावर अंथरलेल्या कागदावरच मागणी टिपतो आणि शेवटी तेथेच बेरीज मांडतो. एकट्या माणसाला जागा रिकामी दिसेल तेथे, कोणा अनोळख्यासमोर, बसवितात. एकदा माझ्यासमोर एक वृद्ध गृहस्थ होते. माझी उकडलेली अंडी व मेयोनेझ आले तशी त्यांनी पावाची टोपली माझ्याकडे सरकविली, ‘बोनापेती’ म्हटले आणि ते आपल्या ताटलीकडे वळले. तू कोठली, कोणाची, एकटी का, हे त्यांनी विचारले नाही. आणि त्या न विचारण्यात उपेक्षा नव्हती, हे मला त्या टोपलीवरून कळले.

ही समता पैसे मोजणाऱ्यापुरतीच आहे, हा आक्षेप खरा आहे. तरीही जेथे पैसे मोजूनही मज्जाव होत असे, त्या समाजातून आलेल्या माणसाला तिची किंमत अधिक कळते. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, युरोप-अमेरिकेतील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसून टाकली होती. १९१७ साली नोकरीसाठी बडोद्याच्या स्टेशनाबाहेर पडताच मात्र, राहावे कोठे, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. हिंदू हॉटेलाचे दार बंद, पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, आणि तेथूनही काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. परदेशातून पदव्या घेऊन आलेल्या विद्वानाची ही अवस्था वाचताना मला आजही संताप आवरत नाही.

स्त्रियांच्या वाट्याला येतो तो याच मज्जावाचा सौम्य प्रकार. तालुक्याच्या गावी एकटी बाई हॉटेलात शिरली की गल्ल्यावरचा माणूस ‘फॅमिली रूम’कडे बोट दाखवितो, आणि त्यात तिची सोयच आहे असे तो मनापासून मानतो. पडद्याआडच्या त्या खोलीत मी आता जात नाही. रस्त्याकडच्या मेजावर बसते, फळ्यावरचे दर वाचते आणि राइस प्लेट मागविते.